ओल्या गव्हावरचा कर

ऑक्टोबरच्या शेवटी लातूरच्या किंवा वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला 'मॉइश्चर' हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. पोत्यातले मूठभर दाणे छोट्या यंत्राच्या डबीत जातात, पडद्यावर आकडा उमटतो आणि पुढचे सगळे बोलणे त्या आकड्यावर ठरते. हमीभाव केंद्रावरची अट १२ टक्क्यांची. परतीच्या पावसाने भिजलेला माल तिच्यात बसेना, म्हणून २०२४ साली केंद्र सरकारला ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. एरवी उपाय एकच. ताडपत्री अंथरा, माल पसरा आणि उन्हाची वाट बघा. ऊन फुकट असते, एवढाच त्यातला दिलासा.

सुगीच्या वेळी ज्याच्या वाट्याला ऊनच येत नाही, तो शेतकरी काय करतो? तो गॅस जाळतो.

कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टात, गहू मे महिन्यात पेरतात आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या दिवसांत काढतात. सप्टेंबर सरता सरता तिथे रात्री पाणी गोठू लागते. २०१९ च्या हंगामात आधी पाऊस झाला, मग सप्टेंबर संपण्याआधीच दक्षिण अल्बर्टात बर्फ पडले आणि उभी पिके त्याखाली गेली. वर्तमानपत्रांनी त्या हंगामाला 'नरकातली सुगी' असे नाव दिले. निघाला तो गहू ओला. साठवणुकीला गव्हात जास्तीत जास्त साडेचौदा टक्के ओल चालते. मोहरीच्या कुळातल्या कॅनोलाला १० टक्क्यांच्या आतच ठेवावे लागते, नाहीतर पत्र्याच्या उंच कणगीत माल आतल्या आत तापतो, बुरशी धरतो, कधी पेटही घेतो.

म्हणून कणग्यांच्या शेजारी ड्रायर उभा असतो. नैसर्गिक गॅसवर किंवा प्रोपेनवर चालणारा बर्नर, त्यामागे मोठा पंखा आणि वरून खाली सरकणारे धान्य. ओल्या वर्षी तो दिवसरात्र चालतो. आवाज विमानाच्या इंजिनासारखा. आग लागायची भीती असल्याने त्याला एकटे सोडता येत नाही, त्यामुळे घरातले कुणी ना कुणी टॉर्च घेऊन फेऱ्या मारत राहते. त्या नोव्हेंबरात रेल्वे कामगारांचा आठवडाभर संप झाला आणि ओंटारिओ-क्यूबेककडे प्रोपेनचे टँकर पोहोचेनासे झाले, तेव्हा मका काढावा की शेतातच उभा ठेवावा, असा पेच तिथल्या शेतकऱ्यांपुढे पडला.

नेमक्या त्याच वर्षी, १ एप्रिल २०१९ पासून, काही प्रांतांत गॅसच्या बिलात एक नवा रकाना आला होता. कार्बन शुल्काचा.

या शुल्कामागचा विचार तसा सरळ. कोळसा, तेल, गॅस जाळला की हवेत कार्बन डाय-ऑक्साइड जातो आणि त्याचे नुकसान सगळ्यांना सोसावे लागते. जाळणाऱ्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागत नाही. ती मोजायला लावली की माणूस आपोआप कमी जाळेल किंवा दुसरे काही शोधेल. जस्टिन ट्रूडो यांच्या सरकारने २०१८ मध्ये तसा कायदा केला. टनामागे २० डॉलरने सुरुवात झाली. २०२२ मध्ये ५०, २०२४ मध्ये ८० आणि २०३० पर्यंत १७० डॉलर अशी चढण आखलेली होती. वसुलीतला ९० टक्क्यांच्या आसपास भाग घरटी परत केला जाई आणि गावाकडच्या कुटुंबांना त्यात थोडी भर मिळे. कागदावर ही रचना देखणी होती. अर्थशास्त्राच्या वर्गात अजूनही तिचे कौतुक होत असेल.

शेतीचे डिझेल आणि पेट्रोल सरकारने सुरुवातीलाच वगळले होते. ही गोष्ट पुढच्या सहा वर्षांच्या आरडाओरड्यात पार बुडून गेली. ट्रॅक्टर, कापणीयंत्र, शेतातला ट्रक यांच्या इंधनावर कार्बन शुल्क नव्हते. काचेच्या हरितगृहांना गॅसवर ८० टक्के सूट होती. सवलतीच्या यादीत जे नव्हते ते ड्रायरचे आणि कोंबड्या-डुकरांच्या शेडमधल्या हीटरचे इंधन. ट्रॅक्टर सुटला, ड्रायर सापडला. भर हिवाळ्यात उणे तीस अंशांत पिल्लांची शेड गरम ठेवणाऱ्याला 'गॅस कमी जाळ' म्हणणे म्हणजे काय, हे राजधानी ओटावातल्या कुणाला सुचले नसेल असे नाही. पण यादी करताना ते राहिले, आणि एकदा राहिलेली गोष्ट कायद्यात घालणे किती अवघड असते ते पुढे दिसलेच.

शिवाय त्या शुल्काच्या वर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागे. करावर कर. बिलाचा हा एक फोटो दहा भाषणांचे काम करी.

आता आकडे. कॅनडाच्या कृषी खात्याने हिशेब मांडला तो असा. धान्य वाळवण्यावरच्या शुल्काचा बोजा सरासरी एका शेतामागे, प्रांतानुसार, वर्षाला २१० ते ७७४ डॉलर. एकूण खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सस्कॅचेवानच्या शेतकरी संघटनेचा हिशेब वेगळा होता. रेल्वेभाडे, वीज, ड्रायर असे सगळे धरले तर कार्बन कर २०२० मध्ये शेतकऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाचा ८ टक्के आणि २०२२ मध्ये १२ टक्के भाग खाईल. एका बाजूला चिल्लर, दुसऱ्या बाजूला घास. खोटे कोण बोलत होते?

कुणीच नाही. पाटीवर मांडून पाहिले की गोष्ट उलगडते. १ टन गहू साडेसतरा टक्क्यांवरून साडेचौदावर आणायचा तर त्यातून ३५ किलो पाणी उडवावे लागते. त्याला ५ घनमीटरच्या आसपास गॅस लागतो. २०२४ च्या दराने घनमीटरला सव्वापंधरा सेंट शुल्क, म्हणजे टनामागे पाऊण डॉलर. गव्हाचा भाव टनाला अडीचशे-तीनशे डॉलर असेल तर हजार डॉलरच्या मालावर अडीच-तीन डॉलर कर. खात्याचे म्हणणे बरोबर. पण ओंटारिओतला मका घ्या. तो शेतातून निघतानाच २५ टक्के ओला असतो आणि साडेपंधरावर आणायचा असतो. टनामागे ११० किलोहून जास्त पाणी, वीस-बावीस लिटर प्रोपेन आणि अडीच डॉलरच्या पुढे शुल्क. तीन हजार टन पिकवणाऱ्याला साडेसात हजार डॉलर. आणि खात्याच्या सरासरीत तर त्या वर्षी ड्रायर चालूच न केलेले शेतकरीही होते.

दुसरा फरक भाजकाचा. एक जण खर्चाने भागतो, दुसरा नफ्याने. शंभराच्या विक्रीत पाच-सात रुपये उरत असतील तर खर्चातला एक टक्का म्हणजे नफ्यातला पाचवा ते सातवा हिस्सा. आपल्याकडेही कांद्याच्या वाहतुकीत क्विंटलमागे पंचवीस रुपये वाढले की शहरात कुणाच्या लक्षात येत नाही, पण शेतकऱ्याच्या पट्टीवर ते उठून दिसतात.

आणि खरी मेख पुढेच आहे. कारखानदाराचा खर्च वाढला तर तो किंमत वाढवतो. किराणा दुकानदारही वाढवतो. प्रेअरीतल्या शेतकऱ्याला ती सोय नाही. त्याच्या गव्हाचा भाव मिनियापोलिस आणि शिकागोच्या वायदेबाजारात ठरतो, आणि मसूर-वाटाण्याचा बऱ्याच अंशी दिल्लीत. मराठी घरात मसुराची आमटी होते त्यातले पुष्कळसे दाणे सस्कॅचेवानातून समुद्रमार्गे आलेले असतात, कारण आयातीच्या मसुराचे आपले मोठे पुरवठादार म्हणजे कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरमध्ये मसुरावर ३० टक्के आयात शुल्क लावले. आपल्या डाळउत्पादकांसाठी ते होते आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक नव्हते. पण दहा-बारा हजार किलोमीटरवर कुणाच्या तरी कणगीतल्या मालाचा भाव त्या एका अधिसूचनेने पडला. अशा माणसाला 'कराचा खर्च तू गिऱ्हाइकाकडून काढ' असे सांगता येत नाही. गिऱ्हाईक मोझांबिककडून तूर आणि रशियाकडून वाटाणा घेऊ शकते.

म्हणजे शेतकऱ्याची शंका हवामानबदल खरा की खोटा, अशी नव्हती. निदान प्रत्येकाची नव्हती. दुष्काळ, पूर, अवेळी बर्फ हे सगळे त्याने पाहिलेले असते. त्याची शंका हिशेबाची होती. हा खर्च माझ्यापाशी येऊन थांबतो, पुढे जात नाही. आणि तो टाळायला मी नेमके काय करू?

या दुसऱ्या प्रश्नाला सरकारकडे धड उत्तर नव्हते. किंमत वाढवली की माणूस पर्याय शोधतो हे खरे, पण पर्याय दुकानात असावा लागतो. ओले धान्य पंख्याच्या साध्या हवेने वाळवता येते, मात्र हवा कोरडी आणि थोडी उबदार हवी. सप्टेंबरात जमते, नोव्हेंबरात नाही. काडीकचऱ्यावर चालणारे ड्रायर होते, पण मोजके. विजेच्या उष्णता-पंपांवरचे प्रयोगाच्या पायरीवर. सरकारने २०२१ च्या अर्थसंकल्पात कमी गॅस खाणाऱ्या ड्रायरांसाठी ५ कोटी डॉलर बाजूला काढले. ते चांगलेच झाले, पण नव्या ड्रायरलाही गॅसच लागे.

वरून आणखी एक सल होता. प्रेअरीतल्या शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून नांगरट जवळजवळ सोडून दिली होती. आधीच्या पिकाचे धसकट तसेच ठेवून त्यातच बी पेरायचे, जमीन उघडी टाकायची नाही. त्यामुळे ओल टिकली, डिझेल वाचले आणि मातीत कार्बन साठू लागला. सस्कॅचेवानात १९९६-९७ पासून शेताशेतांतून मातीचे नमुने घेऊन हे मोजलेही गेले. शेतकरी म्हणत, आम्ही हवेतला कार्बन जमिनीत पुरला त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, जाळला त्याचे मात्र बिल आले. युक्तिवाद पूर्ण बिनतोड नाही. मातीत साठणाऱ्या कार्बनला मर्यादा असते, आणि नांगरट सोडली ती मुळात डिझेल आणि ओल वाचवायला. पण ऐकणाऱ्याला तो पटतो, आणि निम्मा का होईना, खरा आहे.

सरकारने मग परतावा काढला. शेतीच्या दर हजार डॉलर खर्चामागे २०२१ साठी १ डॉलर ४७ सेंट, २०२२ साठी १ डॉलर ७३ सेंट. ड्रायर चालवा अगर चालवू नका, रक्कम खर्चावर मिळणार. अर्थशास्त्रज्ञाला ही युक्ती आवडते, कारण पैसे परत मिळतात आणि गॅस वाचवायचे आमिषही शाबूत राहते. थोडाफार ओला गहू असलेल्याचे त्यात भागत होते. मकावाल्याचे भागत नव्हते. आणि ज्याने एक घनमीटरही गॅस जाळला नाही त्याच्या खात्यातही पैसे येत होते. गावात अशी गोष्ट लपत नाही.

संसदेत मग एक खासगी विधेयक आले, सी-२३४. ओंटारिओतल्या ह्युरॉन-ब्रूस मतदारसंघाचे कन्झर्व्हेटिव्ह खासदार बेन लॉब यांनी ते मांडले. मागणी एवढीच, की ड्रायरचा आणि जनावरांच्या शेडचा गॅस शुल्कातून वगळा. संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने २०३० पर्यंत यातून शेतकऱ्यांचे सुमारे एक अब्ज डॉलर वाचतील असा अंदाज दिला. मार्च २०२३ मध्ये खालच्या सभागृहाने ते मंजूर केले. सिनेटने डिसेंबरात त्यातून शेड काढून टाकल्या आणि ड्रायर तेवढा ठेवला. दुरुस्ती झालेले विधेयक परत खाली आले आणि तिथेच पडून राहिले. २०२५ मध्ये संसद विसर्जित झाली तेव्हा त्याचाही अंत झाला. जवळजवळ तीन वर्षे सगळे पक्ष शेतकऱ्यांविषयी बोलत होते आणि शेतकऱ्याचा ड्रायर होता तिथेच होता.

मधल्या काळात, २६ ऑक्टोबर २०२३ रोजी, ट्रूडो यांनी घर गरम करण्याच्या तेलावरचे शुल्क तीन वर्षांसाठी थांबवले. असे तेल वापरणारी घरे मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत, आणि तिथे सत्ताधारी पक्षाचे खासदारही बरेच. प्रेअरीत घरे गॅसने गरम होतात, त्यांना सूट नाही. असे का, यावर ग्रामविकास खात्याच्या मंत्री बोलून गेल्या, की प्रेअरीने आमचे खासदार जास्त निवडून द्यावेत. या एका वाक्याने जेवढे नुकसान केले तेवढे विरोधकांच्या शेकडो सभांनी केले नसेल. सस्कॅचेवान सरकारने १ जानेवारी २०२४ पासून घरगुती गॅसवरचे शुल्क गोळा करणेच थांबवले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी हा कायदा वैध ठरवला होता. पण कायदा वैध असणे आणि लोकांना तो न्याय्य वाटणे, यांत अंतर असते.

शेतकऱ्यांची ही चिडचिड कॅनडापुरती नव्हती. न्यूझीलंडमध्ये गायी-मेंढ्यांच्या ढेकरांतल्या मिथेनवर पैसे आकारायची कल्पना २००३ मध्ये निघाली, तेव्हा शेन आर्डर्न या खासदाराने 'मर्टल' नावाचा जुना ट्रॅक्टर थेट संसदेच्या पायऱ्यांवर चढवला. कल्पना मागे पडली, पुन्हा आली, २०२२ मध्ये पुन्हा ट्रॅक्टरांचे मोर्चे निघाले आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली. डेन्मार्कमध्ये उलट घडले. तिथे सरकार, शेतकरी संघटना, निसर्गप्रेमी संस्था आणि उद्योग २०२४ मध्ये एका टेबलाभोवती बसले आणि जनावरांवरच्या कार्बन कराला राजी झाले. टनाला ३०० क्रोनर, तोही २०३० पासून, आणि त्यातही ६० टक्के वजावट. पहिली काही वर्षे प्रत्यक्षात १२० क्रोनरच पडतील. पर्यावरणवाद्यांनी त्याला लुटुपुटुचा कर म्हटले. पण डॅनिश शेतकऱ्याला आकडा सहा वर्षे आधी कळला आणि तो ठरवताना त्याचा माणूस तिथे बसलेला होता.

आता दुसरी शंका. पवनचक्क्यांची आणि सौर पॅनेलांची.

वरवर पाहता इथे शेतकरी खूश असायला हवा. कर घेतला जात नाही, उलट भाडे मिळते. पाऊस पडो न पडो, पट्ट्याने दिलेल्या तुकड्याचे पैसे ठरलेल्या दिवशी येतात. अल्बर्टाच्या दक्षिणेला व्हल्कन काउंटीत २०२२ मध्ये ४६५ मेगावॉटचा ट्रॅव्हर्स सौर प्रकल्प सुरू झाला, तो तेव्हाचा कॅनडातला सर्वांत मोठा. काही प्रकल्पांत पॅनेलांखालचे गवत कापायला मेंढ्या सोडतात. मेंढपाळाला चराई मिळते, कंपनीचा गवतकापणीचा खर्च वाचतो. तरीही अल्बर्टातल्या गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न हटकून निघे. पंचवीस-तीस वर्षांनी हे सगळे काढणार कोण?

प्रश्न हवेतून आलेला नाही. अल्बर्टात जमिनीचा वरचा थर शेतकऱ्याचा आणि खालचे तेल-वायू बहुतांशी सरकारचे. कंपनीने खनिजाचा परवाना घेतला की शेतकऱ्याने नाही म्हटले तरी तिला लवादाकडून शेतात शिरायचा हुकूम आणता येतो. मग गव्हाच्या मधोमध विहीर, तिच्याकडे जाणारा रस्ता, कुंपण. वर्षाचे भाडे मिळते. तेल आटते, कंपनी छोट्या कंपनीला विकते, छोटी दिवाळखोर होते, भाडे बंद पडते आणि गंजका पाइप तसाच उभा राहतो. अशा विहिरींना तिथे 'अनाथ विहिरी' म्हणतात. त्या बुजवायला स्वतंत्र संस्था काढावी लागली. रेडवॉटर नावाच्या दिवाळखोर कंपनीच्या खटल्यात प्रश्न असा होता, की कर्ज देणाऱ्याचे पैसे आधी की विहीर बुजवणे आधी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विहीर आधी, असा निकाल दिला. पण तोवर हजारो विहिरी शेतांतून उभ्या होत्या आणि पेरणीयंत्र प्रत्येकीला वळसा घालून जात होते. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात. इथे तर ताक विकायला आलेला माणूसही दूधवाल्यासारखाच बोलत होता.

पवनचक्कीत एक मोठा फरक आहे, तो बैठकांत क्वचित बोलला जातो. ती शेतकऱ्याच्या सहीशिवाय उभी राहत नाही. वारा सरकारच्या मालकीचा नाही. नको असेल तर नको म्हणता येते.

३ ऑगस्ट २०२३ रोजी अल्बर्टा सरकारने नव्या पवन आणि सौर प्रकल्पांची मंजुरी सात महिन्यांसाठी थांबवली. कारणांत शेतजमीन पहिली. पेम्बिना इन्स्टिट्यूट या अभ्यास संस्थेने मोजले तेव्हा ११८ प्रकल्प, ३३ अब्ज डॉलरचे, अडकलेले निघाले. नंतरच्या नियमांत 'शेती आधी' असे तत्त्व आले. सगळ्यात कसदार दोन प्रतींच्या जमिनीवर प्रकल्प हवा असेल तर तिथे पीक किंवा जनावरेही चालू शकतात हे दाखवा, आणि पुढे सगळे मोडून जमीन पूर्ववत करायची अनामत आधी भरा. अनामतीची अट रास्तच. तेलविहिरींच्या वेळी ती इतक्या कडकपणे का सुचली नाही, हे विचारणारे शेतकरीही होते. ज्यांना भाडे हवे होते ते वेगळेच चिडले, कारण माझ्या जमिनीचे काय करायचे ते मी ठरवणार, ही प्रेअरीतली जुनी बाणेदार भूमिका सरकारनेच मोडली होती. आणि शेतजमीन किती जाणार? प्रांताच्याच वीज आयोगाने अभ्यास केला. सगळे प्रकल्प दुसऱ्या प्रतीच्या जमिनीवर गेले असे धरले तरी २०४१ पर्यंत त्या जमिनीचा एक टक्काही जात नव्हता.

मोडायचे कोण, याचेही एक उत्तर अल्बर्टातच आहे. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, पिंचर क्रीकजवळच्या काउली रिज टेकडीवर १९९३ मध्ये कॅनडातली पहिली व्यापारी पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. जाळीदार लोखंडी मनोऱ्यांची, आजच्या मानाने ठेंगणी. २०१६ मध्ये त्यांचे आयुष्य संपले, सुटे भाग मिळेनासे झाले आणि कंपनीने त्या उतरवल्या.

सह्याद्रीच्या पठारावरच्या मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे भागात १९९० च्या दशकाअखेरपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात पाऊस हुकला तेव्हा 'पवनचक्क्या ढग पळवतात' ही बोलवा गावोगाव फिरली. शास्त्राने पाहिले तर गोष्ट उलटी आहे. पंखा वीज खाऊन वारा सोडतो, पवनचक्की वाऱ्यातली थोडी ताकद काढून वीज देते. ती ढगाला ढकलणार कशी? पण या बोलवेला अडाणीपणा म्हणून मोकळे होणाऱ्याने आधी एवढे पाहावे, की त्या पठारावरच्या जमिनी कुणामार्फत, कोणत्या भावाने गेल्या आणि वीज कुठल्या गावी दिसली. ढगांविषयीच्या बोलण्यात पुष्कळदा सातबाऱ्याची गोष्ट लपलेली असते.

कार्बन कराची झळ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला थेट कधी बसली नाही. भारताने २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला, तो २०१६ पर्यंत ४०० झाला आणि पुढच्या वर्षी जीएसटीच्या भरपाई उपकरात विरघळला. शेतीची वीज सवलतीची, आता साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत. इथे शंका वेगळ्या ठिकाणी येते. जुन्नर-आंबेगावच्या उसात रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला जाणाऱ्याच्या एका हातात बॅटरी, एका हातात काठी आणि डोक्यात बिबट्या असतो. दिवसा चालणारा सौरपंप त्याला नको कसा असेल? 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरायची. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. लोकांनी अर्ज केले आणि प्रश्नही विचारले. विहीर खोल गेली तर तीनचा पंप पाणी ओढेल का? आषाढात आठ दिवस ढग राहिले तर? आणि दुरुस्तीची हमी पाच वर्षांची, तर सहाव्या वर्षी फोन कुणाला करायचा?

हा सहाव्या वर्षाचा प्रश्न आणि अल्बर्टातला तिसाव्या वर्षाचा प्रश्न एकाच घरातले आहेत.

जमीन भाड्याने देण्याचा मार्ग इथेही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल ३ टक्के वाढ. माळरान असलेल्याला हा भाव जिराईत बाजरीपेक्षा कितीतरी बरा. ज्याच्याकडे दोन एकर आहेत आणि तेही विहिरीवर भिजतात, त्याच्यासाठी ही योजना नव्हेच. आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, जो त्या माळावर शेरडे चारत होता, त्याचा कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

कॅनडातला बिलाचा रकाना अखेर गेला, पण तो शेतकऱ्यांच्या हिशेबाने नव्हे, निवडणुकीच्या हिशेबाने. १४ मार्च २०२५ रोजी मार्क कार्नी पंतप्रधान झाले आणि त्याच दिवशी त्यांनी ग्राहकांवरचे कार्बन शुल्क १ एप्रिलपासून शून्यावर आणायच्या निर्णयावर सही केली. हेच कार्नी कधी काळी जगभरच्या बँकांना हवामानाच्या जोखमीचे धडे देत असत. मोठ्या कारखान्यांवरची कार्बन किंमत त्यांनी ठेवली, म्हणजे नैसर्गिक गॅसपासून नत्रखत बनवणारे कारखाने तिच्यात आहेतच. ड्रायरचा गॅस मात्र मोकळा झाला. ज्या सवलतीसाठी सी-२३४ जवळजवळ तीन वर्षे सभागृहांमध्ये येरझारा घालत होते, ती एका सहीत सगळ्यांनाच मिळाली.

त्या सहीनंतर सहा दिवसांनी, २० मार्चला, चीनने कॅनडाच्या कॅनोला तेलावर, पेंडीवर आणि वाटाण्यावर १०० टक्के आयात शुल्क लावले. विजेच्या गाड्यांवर कॅनडाने लावलेल्या शुल्काला ते उत्तर होते. प्रेअरीत पेरणी सुरू व्हायला तेव्हा महिना-दीड महिना होता, आणि वाटाणा किती एकरांत घालायचा ते अजून ठरायचे होते.